सायटेशनला 'दाखला' म्हणा

रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. प्रबंधाचा विषय फोरेन्सिक केमिस्ट्रीतले, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासाला लागणाऱ्या रसायनशास्त्रातले, संशोधनाचे कल आणि सायटेशन इम्पॅक्ट, म्हणजे एखाद्या शोधलेखाची नोंद पुढच्या किती लेखांत होते ते. मराठी सारांशाला 'न्यायवैद्यक रसायनशास्त्र : संशोधन-कल व उद्धरण-प्रभाव' हे शीर्षक चालेल का?

आधी ते 'न्यायवैद्यक' काढा. बातम्यांत ऐकून ऐकून कान किटलेत. शवविच्छेदन होतं तिथे न्यायवैद्यक ठीक. चेकवरची शाई किंवा पुडीतली पावडर तपासणाऱ्याचा वैद्यकाशी काय संबंध? मुंबईत कलिन्याला पुरावे तपासणारी जी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या नावातच 'न्यायसहायक' हा नेमका शब्द आहे, तो घ्या.

आता 'उद्धरण'. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून आपल्या लेखात ठेवलं तर ते उद्धरण. १९५४ साली ओडेन आणि फॉन हॉफस्टेन या संशोधकांनी दाखवलं की निनहायड्रिन हे रसायन लावलं की घामातल्या अमिनो आम्लांमुळे कागदावरचे बोटांचे ठसे जांभळे उमटतात. आज या ठशांवर लिहिणारा त्यांच्या लेखाची नोंद करतो, पण त्यातलं एक अक्षरही उचलत नाही. मग उद्धरण कशाचं झालं? उद्धरणवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

खरी गंमत शब्दांच्या मुळात आहे. सायटेशन आलं लॅटिन 'कितारे'वरून : हाक मारून बोलावणं, कोर्टात पुकारा करणं. फोरेन्सिक आलं 'फोरुम'वरून, म्हणजे रोममधला तो चौक, जिथे खटले चालत. दोन्ही शब्द एकाच कोर्टातले! एवढंच नाही, सायटेशनची पद्धतशीर नोंद ठेवायची कल्पनाही कायद्याच्या जगातलीच. कोणत्या निवाड्याचा आधार पुढे कुठे घेतला गेला, याच्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या अमेरिकेत इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्डने १८७३ पासून वकिलांना पुरवल्या. पुस्तकात त्या निवाड्याशेजारी चिकटवायच्या. यूजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये विज्ञानासाठी सायटेशन-सूची सुचवली, ती याच नमुन्यावर.

म्हणून मराठीतही कोर्टातलाच शब्द हवा, आणि तो आहे : दाखला. अरबी 'दाखिल', आत आलेला. खटला दाखल होतो, जुन्या निवाड्याचा दाखला दिला जातो. दाखला म्हणजे सर्टिफिकेट, असा आक्षेप नेहमी येतो. पण बुवा कीर्तनात पुराणातला दाखला देतात तेव्हा कुणाचाही घोळ होत नाही.

'प्रभाव'ही नको. पोलिस ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या केमिकल अ‍ॅनालायझरचा (रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल, त्यावर माणूस सुटतो किंवा आत जातो. त्यामागची पद्धत ज्या शोधलेखातून आली, त्याच्या खात्यात त्या अहवालामुळे एकही दाखला जमा होत नाही, कारण मोजणी फक्त प्रसिद्ध झालेल्या संशोधनातल्या संदर्भांची होते. या विषयाचा खरा प्रभाव कोर्टात पडतो. सूचीत दिसतं ते दाखल्यांचं वजन, आणि ते तेवढंच म्हणावं.

'कल' बरोबर आहे, राहू द्या. शीर्षक असं करा : 'न्यायसहायक रसायनशास्त्र : संशोधनाचे कल आणि दाखल्यांचे वजन'.