लेझरच्या सापळ्यात धरलेले थंड अणू कमी कमी का होत जातात?

भुसावळच्या मे महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत हे लिहितोय. सापळ्यातले रुबिडियमचे अणू मात्र निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, जेमतेम एक दहा-हजारांश अंश वर असतात. सापळा ज्या निर्वात पात्रात असतो, त्यात उरलासुरला वायू असतोच. त्याचा रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने येऊन धडकला की अणू गेलाच. म्हणून निर्वाताची एवढी उस्तवार.

खरी गंमत आपसातल्या टकरींत आहे. लेझरचा प्रकाशकण शोषून एक अणू उत्तेजित झाला, म्हणजे जादा ऊर्जेच्या अवस्थेत गेला, की शेजारचा त्याच्याकडे खेचला जातो. ओढ चालू असतानाच तो प्रकाशकण परत सुटला, तर मिळालेली गती तशीच राहते आणि दोघंही पसार! चिमुकल्या सापळ्यात तर अशा जोड्या जाऊन शेवटी एकच अणू उरतो, किंवा एकही नाही. एकटा अणू हवा असणाऱ्यांना हे नुकसान चक्क सोयीचं पडतं.