जुन्या ऑसिलोस्कोपचं सर्किट उलगडताना

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. ते उघडलंस की लगेच सोल्डरिंग आयर्न उचलू नकोस. आधी सर्व्हिस मॅन्युअल शोध. टेक्ट्रॉनिक्स, एचपी या कंपन्यांच्या जुन्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा सर्किटची पूर्ण आकृती मिळते. नसेलच, तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढ, एक आरशातल्यासारखा आडवा उलटवून दुसऱ्यावर बसव. ग्राउंड आणि सप्लायच्या रेषा आधी रंगव, अर्धा गुंता तिथेच सुटतो.

सुट्या भागांवरच्या अनोळखी आकड्यांना घाबरू नकोस, ते कंपनीचे स्वतःचे क्रमांक असतात. एचपीत १८५४ने सुरू होणारा एनपीएन ट्रान्झिस्टर, १८५३चा पीएनपी (ट्रान्झिस्टरचे हे दोन प्रकार), १८२०चा डिजिटल आयसी. बोर्डावरच रेझिस्टन्स मोजलास तर प्रोब उलटे करून पुन्हा मोज. रीडिंग बदललं तर वाटेत बहुधा डायोड किंवा ट्रान्झिस्टरचं एखादं जंक्शन आहे.

आणि हात घालण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज कर. पिक्चर ट्यूबचा हाय व्होल्टेज भाग प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो.