क्रेडिट भरले, तरी पदवी का अडते?

वाचकांचे प्रश्न : संगणकशास्त्राच्या पदवीचे नियम

महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवी अभ्यासक्रमांची मांडणी बदलली. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या बदलाबद्दल आमच्याकडे आलेल्या पत्रांत संगणक विषयाच्या विद्यार्थ्यांची पत्रे लक्षणीय आहेत. त्यांतील चार पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्याने तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. खुल्या निवड विषयाच्या, म्हणजे ओपन इलेक्टिव्हच्या जागी मी 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्रही मिळाले, परंतु महाविद्यालय ते धरत नाही. एकूण बेरीज पाहता माझे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पूर्ण भरतात. मग माझे वर्ष का अडावे?

उत्तर : तुमची मेहनत खरी आहे आणि प्रमाणपत्रही खरे आहे. अडचण बेरजेत नसून रकान्यात आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ क्रेडिट लागतात हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हे क्रेडिट मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, खुला निवड विषय, कौशल्य विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा गटांत वाटलेले असतात आणि प्रत्येक गटाचा किमान आकडा स्वतंत्रपणे पूर्ण व्हावा लागतो. एका गटात चार क्रेडिट जास्त झाले म्हणून दुसऱ्या गटातील चारांची तूट भरून निघत नाही. मुख्य विषयाचा वाटा एकूण क्रेडिटच्या निम्मा तरी असतो, त्यामुळे संगणकाचा विद्यार्थी जादा अभ्यास करतो तो बहुधा संगणकाचाच, आणि नेमका तोच रकाना त्याचा आधीपासून भरलेला असतो.

खुल्या निवड विषयाबाबत शासन निर्णय स्पष्ट आहे : तो मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असला पाहिजे. तुमची शाखा विज्ञान व तंत्रज्ञान असल्याने पायथन तुमच्यासाठी खुला निवड विषय होऊ शकत नाही; वाणिज्य शाखेच्या मुलाने तोच अभ्यासक्रम केला असता तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही वित्तीय साक्षरता, मानसशास्त्राची ओळख, मराठी साहित्य किंवा ग्रामीण अर्थशास्त्र असा विषय घ्यायला हवा होता. या अटीमागचा हेतू आम्हाला योग्य वाटतो. जिनिंगच्या हिशेबाचे किंवा केळीच्या लिलावाचे सॉफ्टवेअर उद्या तुम्हीच लिहिणार असाल, तर व्यवहार कसा चालतो हे शिकवणारा एखादा विषय पदवीत असणे हिताचे आहे. मात्र ही अट प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याला समजावून सांगायला हवी आणि तसे पुष्कळ ठिकाणी होत नाही, ही तक्रार आम्हाला पूर्णपणे रास्त वाटते.

याखेरीज आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा संस्था देऊ शकते, परंतु ही मुभा आपोआप लागू होत नाही. त्या सत्रासाठी मान्य केलेल्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव असावे लागते आणि नोंदणीपूर्वी विभागाची लेखी संमती घ्यावी लागते. दुसरी गोष्ट आकड्याची. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारणपणे ३ क्रेडिटचा धरला जातो. तुमच्या सत्रात त्या रकान्यात २ किंवा ४ क्रेडिटची जागा असेल, तर विषय योग्य असूनही हिशेब जुळत नाही.

आता करायचे काय? प्रथम तुमच्या प्रवेशवर्षाचा क्रेडिट विभागणीचा तक्ता मिळवावा. पुढच्या किंवा मागच्या तुकडीचा तक्ता उपयोगाचा नाही, कारण सामान्यतः ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीची रचनाच विद्यार्थ्याला लागू असते. त्यावर चारही सत्रांच्या गुणपत्रिका ठेवून प्रत्येक विषय कोणत्या गटात नोंदला आहे हे पेन्सिलीने लिहावे. तूट फक्त खुल्या निवड विषयाची निघाली, तर तो विषय कोणत्या सत्रात घेऊन भरता येईल, अशी विचारणा प्राचार्यांच्या नावे लेखी अर्जाने करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. खिडकीवर तोंडी मिळालेल्या उत्तराचा पुढे कोणताच पुरावा राहत नाही. पायथनचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. पदवीच्या रकान्यात ते बसले नाही तरी नोकरीच्या अर्जात ते निश्चितच बसते.

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातील शेतकरी आहोत. वादळात केळीची बाग आडवी झाली. मुलगा बी.सी.ए.च्या (संगणक उपयोजनाच्या पदवीच्या) पहिल्या वर्षात आहे आणि शिक्षण सोडून पुण्यात काम धरतो म्हणतो. नव्या नियमाने एक वर्षाचेही प्रमाणपत्र मिळते आणि नंतर परत येता येते, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, परंतु त्यासाठी पूर्ण कराव्या लागणाऱ्या अटी आपण आधी समजून घ्याव्यात. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट मिळवून, त्याशिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा तेवढीच इंटर्नशिप पूर्ण केली, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर याच रीतीने पदविका मिळते. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि संपूर्ण पदवी सात वर्षांच्या आत पूर्ण करावी, अशी मर्यादा आहे. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये नोंदलेले राहतात. मुलाचे 'अपार' खाते, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रमांकावर चालणारे शैक्षणिक नोंदींचे खाते, उघडले आहे का आणि त्यात दोन्ही सत्रांचे क्रेडिट प्रत्यक्ष दिसतात का, हे डिजिलॉकरवर स्वतः पाहून घ्यावे.

आपला मुलगा वर्षाच्या मध्येच निघून गेला, तर त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही आणि न दिलेल्या विषयांचे क्रेडिटही जमा होणार नाहीत. तेव्हा काहीही करून त्याला दुसऱ्या सत्राची परीक्षा द्यायला लावावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर संगणक क्षेत्रात चांगले काम मिळेल, अशी आशा आम्ही आपल्याला देऊ इच्छित नाही. शिवाय तीन वर्षांत अभ्यासक्रम बदलला, तर परतल्यावर काही विषयांची समकक्षता ठरवावी लागते आणि काही विषय नव्याने द्यावे लागतात. अडचण केवळ शुल्काची असेल, तर सत्र सोडण्यापूर्वी महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्यांची माहिती घ्यावी आणि शुल्काचे हप्ते पाडून देण्याची विनंती महाविद्यालयाला लेखी करावी.

प्रश्न : मी नंदुरबारची असून बारावी विज्ञान शाखेत आहे. गणित सोडून जीवशास्त्र घेतले आहे. बी.सी.ए. करावे की बी.एस्सी. संगणकशास्त्र? पुढे बी.टेक. किंवा एम.सी.ए. करण्याची इच्छा आहे.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर गणितात दडलेले आहे. बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट खुली आहे, परंतु त्यासाठी बारावीला गणित असावे लागते. गणित नसेल तर संगणकशास्त्रात कितीही चांगले गुण मिळाले तरी ती वाट बंद होते. त्यामुळे बी.टेक.चा विचार पक्का असेल, तर बारावीला गणित हा स्वतंत्र विषय म्हणून देता येईल का, हे मंडळाच्या नियमांनुसार आताच विचारावे; पदवीनंतर हे काम अधिक जड जाते. एम.सी.ए. २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले आहे. त्याच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा असते आणि बारावीला किंवा पदवीला गणित असल्यास सोपे जाते. म्हणून पदवी कोणतीही निवडली, तरी तिच्यात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि सांख्यिकी हे विषय आहेत याची खात्री करावी.

बी.सी.ए. हा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली आला आणि त्याच वर्षापासून राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. बी.एस्सी.ला ही परीक्षा नाही. तथापि मुलींच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्याल तेथील बी.सी.ए. या प्रक्रियेत आहे का, हे विकल्प भरण्यापूर्वी पाहावे, कारण घराच्या खर्चात त्याने मोठा फरक पडतो.

प्रश्न : मी धडगावहून नंदुरबारला शिकायला येतो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की एसटी येत नाही आणि सकाळचे प्रॅक्टिकल बुडते. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर टर्म खरोखर नाकारतात का?

उत्तर : नाकारू शकतात, आणि प्रॅक्टिकलच्या बाबतीत धोका लवकर येतो. प्रॅक्टिकलचे १ क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन तासांच्या बैठकीप्रमाणे सत्रात पंधरा बैठका. पंचाहत्तर टक्क्यांसाठी त्यांतील बारा बैठकांना हजर राहावे लागते, म्हणजे सवड केवळ तीन बैठकांची उरते. घाट बंद होण्याच्या चार वेळा तुमची टर्म अडचणीत आणण्यास पुरेशा आहेत. तेव्हा जूनमध्ये बॅच ठरवल्या जातात त्याच आठवड्यात दुपारच्या बॅचसाठी विभागप्रमुखांकडे अर्ज करावा आणि सोबत एसटीच्या पासची प्रत जोडावी. बस न आल्याच्या दिवशी आगारातून तसे लेखी मिळत असल्यास घ्यावे आणि त्याच आठवड्यात महाविद्यालयात जमा करावे. सत्राच्या अखेरीस दिलेल्या गठ्ठ्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहत नाही. बुडालेले प्रयोग दुसऱ्या बॅचसोबत करून जर्नलवर त्याच दिवसाच्या तारखेची सही घ्यावी, आणि हजेरीची महिनावार यादी फलकावर लागली की त्यात आपला आकडा पाहून चूक असल्यास ती लगेच दुरुस्त करून घ्यावी.