आधी वेळेचा तक्ता कर

चिरंजीव,

ऊसतोड्याच्या खुनाच्या खटल्यातला तुझा बचावाचा मसुदा वाचला. ‘आरोपीचा तोल गेला, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध’ एवढ्यावर तू थांबला आहेस. राग बहुतेक खुनांत असतोच. प्रक्षोभात झालेला वध खून धरला जात नाही, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ चा (पूर्वीच्या दंड संहितेचं ३००) पहिला अपवाद. त्याला प्रक्षोभ गंभीर हवा, अकस्मात हवा आणि स्वतः ओढवून घेतलेला नको. शिवाय घाव त्याच भरात बसलेला हवा.

नानावटी खटल्याचा निकाल मुळातून वाच, सिनेमांवर जाऊ नकोस. २७ एप्रिल १९५९, मुंबई. दुपारी पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नौदलातल्या या कमांडरने बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगत रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाला आधी ऑफिसात शोधलं, मग त्याचा फ्लॅट गाठला. घर सोडलं दीडच्या सुमारास, गोळ्या सुटल्या चार वीसच्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं होतं, पण १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने खूनच धरला. राग निवायला पुरेसा वेळ मिळाला होता, आणि मधली सगळी धावपळ विचारपूर्वक केलेली होती. (पुढे माफी मिळाली ती राज्यपालांकडून. युक्तिवादात तिचा काडीचा उपयोग नाही.)

त्याच निकालात आपल्या कामाचंही आहे. नुसते शब्द, हावभावसुद्धा प्रक्षोभ ठरू शकतात आणि मयताच्या आधीच्या वागण्याची पार्श्वभूमी विचारात घेता येते. म्हणून उचलीवरून (आगाऊ घेतलेल्या मजुरीवरून) महिनोन्‌महिने चाललेली शिवीगाळ जरूर मांड, पण शेवटची शिवी आणि पहिला घाव यांतलं अंतर आधी काढ. ऊसतोड्याच्या हातात कोयता असतोच. घटनास्थळाच्या पंचनाम्यात अर्धवट बांधलेली मोळी आहे, तिच्याजवळच रक्त आहे. म्हणजे गडी काम करत होता. तो खोपीवर जाऊन परत आला असं एका साक्षीदाराने म्हटलंय, तेवढं आपल्याला नडणार.

अपवाद सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे, पण निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं की पुरतं. खून ठरला तर कलम १०३ खाली फाशी किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधाच्या १०५ मध्ये जन्मठेप आहेच, पण पाच ते दहा वर्षांवरही भागू शकतं.

मयताची बायको कोर्टात बसलेली असते. त्याच्या चारित्र्यावर गरजेपेक्षा एक शब्द जास्त नको.

खोपीपासून फडापर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते स्वतः जाऊन बघ आणि तक्त्यात लिही. मुकादमाची उलटतपासणी त्यानंतरच.

तुझा,
सर