पालेभाज्या खाल्ल्याने अंगातली सूज, सांधेदुखी खरंच कमी होते का?

एकट्या मेथीच्या जुडीने गुडघा बरा होत नाही, हे आधीच सांगतो. पण आठवडाभराच्या जेवणात पालेभाजी, डाळी, भाकरी वाढली आणि तळण, बेकरी, साखर घटली, तर शरीरातला हळू धुमसणारा दाह कमी व्हायला मदत होते. पालेभाजीत बीटा-कॅरोटीन, ल्युटीन, फोलेट, जीवनसत्त्व के आणि चोथा असतो. यातलं कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणून लसणाची फोडणी हवीच. नुसती उकडलेली भाजी खाऊन स्वतःला शिक्षा करू नका.

आपल्या कोल्हापुरात तर चंगळ आहे. कपिलतीर्थाच्या किंवा लक्ष्मीपुरीच्या भाजी मंडईत सकाळी गेलात की मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, अंबाडी, हंगामात हरभऱ्याचा पाला. चाकवताचं गरगटं आणि ज्वारीची भाकरी, यापुढे महागडे हिरवे ज्यूस फिके. रोज एक वाटी शिजलेली भाजी पुरे. (रविवारचा तांबडा-पांढरा सोडा, असं मी म्हणणार नाही. सोबत भाजी असू द्या एवढंच.)

दोन जणांनी मात्र जपावं. मुतखडा असेल तर पालक, पोकळा, चाकवत यांत ऑक्झलेट (ज्यापासून बरेचसे खडे बनतात तो घटक) जास्त असतं, मेथी त्या मानाने बरी. आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी भाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं आणि बदल करायचा झाल्यास आधी डॉक्टरांना विचारावं.