माईक लावला की स्क्रीन उलटत नाही, मोबाईलला तोच माईक चालत नाही: स्वतःचं शूटिंग करणाऱ्याने काय करावं?

तुमच्या तीन तक्रारी आहेत: कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, म्हणजे शूवर, माईक बसवला की स्क्रीन वर उलटत नाही, तोच माईक मोबाईलला लावला तर आवाज मोबाईलच्याच माईकचा येतो, आणि ट्रायपॉडची प्लेट लावली की बॅटरीचं झाकण उघडत नाही. यातली एकही वस्तू बहुतेक खराब नाही, त्यामुळे परत करायची घाई करू नका.

आधी स्क्रीन, कारण कॅमेऱ्यामागे दुसरं कोणी नसताना फोकस गेला की नाही, रेकॉर्डिंग चालू आहे की नाही, हे तीच सांगते. तुमची स्क्रीन उलटून शूच्या मागे उभी राहते आणि माईकही तिथेच, म्हणजे हे भांडण जागेचं आहे. ते माईक बदलून मिटणार नाही. शू बाजूला सरकवणारी छोटी पट्टी मिळते, ती लावा. पिंजरा, म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारी चौकट (केज) घ्यायचा असेल तर तो तुमच्याच मॉडेलचा घ्या. बाजूला उघडणारी स्क्रीन असली तरी सुटका नसते: माईकची पिन बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच डाव्या बाजूला लागते आणि स्क्रीन फिरताना तिला अडते. काटकोनी पिन घ्या असं सगळे सांगतात, पण ती चुकीच्या दिशेला वळली तर अडचण वाढतेच.

कोणी म्हणेल, छोटा मॉनिटर लावा. लावा, पण मॉनिटरला चित्र देणाऱ्या एचडीएमआय जोडणीचे पूर्ण, मिनी आणि मायक्रो असे तीन आकार कॅमेऱ्यांवर असतात, आणि काही कॅमेऱ्यांत केबल लावली की मागची स्क्रीन बंद होते. मॅन्युअलमध्ये पाहूनच केबल घ्या.

आता मोबाईल. पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या मोजा. कॅमेऱ्याच्या माईकला साधारणपणे दोन असतात, म्हणजे तीन संपर्क. याला टीआरएस म्हणतात. मोबाईलच्या हेडसेटला तीन पट्ट्या आणि चार संपर्क, म्हणजे टीआरआरएस. जास्तीचा संपर्क माईकसाठीच असतो. दोन पट्ट्यांची पिन घातली की मोबाईल तिला नुसता हेडफोन समजतो आणि स्वतःचाच माईक चालू ठेवतो. जाडी दोन्हींची ३.५ मिमी, त्यामुळे पिन मात्र खुशाल आत जाते. टीआरएस ते टीआरआरएस अशी केबल घेतली की काम होतं. मोबाईलसाठीचा कॉलरमाईक कॅमेऱ्याला लावायचा असेल तर याच्या उलट ॲडॅप्टर लागतो. दोन्ही दिसायला सारखेच, तेव्हा पाकिटावरचं वाचून घ्या.

मोबाईलला गोल जॅकच नसेल तर यूएसबी-सीचा छोटा ॲडॅप्टर लागेल. त्यातले काही मोबाईलकडून ॲनालॉग आवाजाची अपेक्षा ठेवतात, ती सोय नसलेल्या मोबाईलवर मुकेच राहतात. आवाजाचं रूपांतर करणारी स्वतःची चिप असलेला घ्या, आणि तो माईकचा आवाज आत घेतो ना हेही पाहा, कारण काही फक्त ऐकण्यापुरतेच असतात. आयफोन असेल तर १४ पर्यंत लाइटनिंग आणि १५ पासून यूएसबी-सी, म्हणून जुन्या फोनसाठी घेतलेला वायरलेस माईकचा रिसीव्हर नव्यात थेट बसत नाही.

ट्रायपॉडच्या स्क्रूची काळजी सोडा. पाव इंच आणि इंचाला २० आटे, हे जवळपास सगळीकडे एकच आहे. मोठा ३/८ इंची असला तरी माप जुळवणारी छोटी आट्यांची रिंग, म्हणजे बुश मिळतं. त्रास प्लेटचा होतो. आर्का पद्धतीच्या, म्हणजे ट्रायपॉडवरच्या पकडीत (क्लॅम्पमध्ये) तिरक्या कडांनी सरकणाऱ्या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिमी असली तरी कंपनीगणिक किंचित फरक पडतो, म्हणून प्लेट आणि क्लॅम्प शक्यतो एकाच कंपनीचे ठेवा. बॅटरीचं झाकण उघडावं म्हणून अरुंद प्लेट बघा. यूएसबीवर कॅमेरा चालवायचा विचार असेल तर चार्ज होणं आणि रेकॉर्डिंग चालू असताना वीज घेणं या दोन वेगळ्या सोयी आहेत. काही मॉडेल बंद असतानाच चार्ज होतात, काहींना पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर आणि दोन्ही टोकांना सी असलेली केबलच लागते.

खर्च करायचाच नसेल तर कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून मोबाईलवर चित्र पाहता येतं. वायरलेस माईक वापरत असाल तर तो आणि वायफाय बऱ्याचदा एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. मोबाईल रिसीव्हरपासून जरा लांब ठेवा, आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका: मधे शब्द तुटत असतील तर ॲप बंद करून पुन्हा घ्या.