किरणोत्सर्ग 'पसरतो' का?

'किरणोत्सर्ग पसरला' असं बातम्यांत सर्रास येतं. हे बरोबर आहे का, आणि प्रारण म्हणजे तेच का, असा प्रश्न आलाय.

तेच नव्हे. किरणांच्या रूपात बाहेर पडलेली ऊर्जा म्हणजे प्रारण. अणुकेंद्रातून आपोआप किरण वा कण निघत राहणं हा काही पदार्थांचा गुण, तो किरणोत्सर्ग; शाळेच्या पुस्तकात किरणोत्सारिता. वाऱ्यावर पसरतो तो असा गुण असलेला पदार्थ. २०११ साली फुकुशिमातून आयोडीन-१३१ आणि सीझियम-१३७ बाहेर पडलं, तेव्हा 'किरणोत्सर्गी पदार्थ पसरले' म्हणणं नेमकं. बातमीत आखूड रूप खपून जातं. वादात मात्र त्याच्या आडून काहीही खपवतात.

'केळ्यातही किरणोत्सर्ग असतो, घाबरता काय?' हा अणुऊर्जेच्या समर्थकांचा लाडका मुद्दा. (या केळ्याचा आता वीट आलाय.) केळ्यात पोटॅशियम-४० असतं, खरंच. पण शरीर पोटॅशियमचं प्रमाण राखतं, जादाचं बाहेर टाकतं. आयोडीन-१३१ थायरॉइडमध्ये साठतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचं, तर सीझियम-१३७चं सुमारे ३० वर्षांचं. पदार्थ कोणता, किती, शरीरात कुठे जातो, हे न सांगता केळं पुढे करणं ही धूळफेक झाली.

उलट बाजूनेही तेच. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६०चे गॅमा किरण सोडतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच गेला. अशा मालाला कुणी 'किरणोत्सर्गी' म्हणालं तर ते साफ चूक. किरण आरपार गेले, कोबाल्ट काही चिकटला नाही. या प्रक्रियेला विकिरण म्हणतात, आणि तो शब्द चांगला रुळलाय.

जैतापूरला तर 'किरणोत्सर्ग' हा शब्द भलत्याच ठिकाणी येऊन बसतो. साखरीनाट्याच्या मच्छीमारांची एक मोठी हरकत तिथल्या नियोजित अणुवीज प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर होती. तिला 'किरणोत्सर्गाची भीती निराधार आहे' हे उत्तरच होत नाही. पाणी किती अंशांनी तापेल, किती लांबपर्यंत, आणि मासळी तिथे टिकेल का, हे सांगायला वरच्यापैकी एकही शब्द लागत नाही.